व्हिडिओ बघून मूल वाचायला शिकतं का? खालची पट्टी बघा

पालकांच्या ग्रुपवर दर जूनला एक रंगीत त्रिकोण फिरतो. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, बघितलेलं 30, आणि त्याखाली कुठल्यातरी लर्निंग ॲपची लिंक. हे आकडे कुठल्याही प्रयोगातून आलेले नाहीत. एडगर डेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1946 साली शिकवायच्या साधनांचा एक शंकू काढला होता, त्यात टक्केवारी नव्हतीच, ती मागाहून कोणीतरी चिकटवली. आणि चिकटवली तीसुद्धा अशी गोल गोल, खऱ्या प्रयोगाचे आकडे कधी इतके शहाण्यासारखे येतात का?

आता गंमत अशी की छोट्या व्हिडिओने वाचन खरंच सुधारतं, पण त्याचं श्रेय रंगीबेरंगी कार्टूनला कमी आणि पडद्याच्या खालच्या बाजूला बोललेले शब्दच लिहून दाखवणाऱ्या पट्टीला, म्हणजे सबटायटल्सना, जास्त, आणि हे आपल्याच देशात तपासून झालंय. ब्रिज कोठारी हे अमेरिकेत शिकत असताना स्पॅनिश सिनेमा बघत होते, खाली इंग्रजी सबटायटल्स. त्यांच्या डोक्यात आलं, ही अक्षरं स्पॅनिशच असती तर आपलं स्पॅनिश किती सुधारलं असतं! मग हिंदी गाण्यांखाली हिंदीच अक्षरं का नकोत? 1996 पासून अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी यावर काम सुरू केलं, 1999 मध्ये गुजराती 'चित्रगीत' कार्यक्रमात ते टीव्हीवर आलं, पुढे 'चित्रहार' आणि 'रंगोली'. जो शब्द गायला जातोय त्याचा रंग त्याच क्षणी बदलतो, एवढंच. महाराष्ट्रातही झी टॉकीजवर मराठी सिनेमे मराठी सबटायटल्स लावून दाखवण्याचा प्रयोग झाला होता, आणि कोठारींच्याच 'बुकबॉक्स'च्या ॲनिमेशन गोष्टींत हीच युक्ती आहे.

पण लोक गाणं बघताना पट्टीकडे बघतील कशाला, हिरो-हिरोईन सोडून? इथेच मला हे प्रकरण प्रचंड आवडतं. ज्याला थोडंफार वाचता येतं त्याला समोरचं अक्षर न वाचणं जमतच नाही. हिरव्या शाईत 'लाल' लिहा आणि शाईचा रंग विचारा, माणूस हमखास अडखळतो, हा स्ट्रूपचा 1935 चा प्रयोग. राजस्थानातल्या खेड्यांत लोकांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं तेव्हा कच्चं वाचणाऱ्यांपैकीही बहुतेकांचे डोळे पट्टीवर जाऊन येत होते, कोणी सांगितलेलं नसताना.

आता डोळ्याचं बघू. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सुरळीत सरकते, तसं अजिबात नाही, ती उड्या मारते. समोरच्या दृश्याचा अगदी छोटा भाग, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा, तेवढाच एका वेळी एकदम स्पष्ट दिसतो, कारण डोळ्याच्या आत त्या भागाचं चित्र जिथे पडतं तिथेच बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. म्हणून डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग झटक्यात उडी, आणि उडीच्या दरम्यान जवळजवळ काहीच दिसत नाही. सराईत वाचणारा एका थांब्यात अख्खा शब्द उचलतो आणि कडेच्या धूसर नजरेने पुढच्याची लांबी हेरून पुढची उडी कुठे मारायची तेही ठरवतो. कच्चा वाचणारा मात्र अक्षरा-अक्षरावर थांबतो, मागे येतो, आणि तिसरं अक्षर जुळेपर्यंत पहिल्याचा आवाज डोक्यातून गेलेला असतो, कारण आवाज धरून ठेवायची जागा दोन-चार सेकंदांचीच असते. शब्द पुरा होतो तेव्हा वाक्य हरवलेलं असतं.

गाणं नेमकं हेच ओझं उचलतं. आवाज तयार येतो, अक्षरावरून तो शोधायचा नाही, फक्त जुळवायचा. गायक शब्द ताणतो त्यामुळे वेळही मिळतो, आणि ध्रुवपद चार-पाचदा येतं म्हणजे तोच आकार तोच आवाज परत परत एकत्र भेटतो. परीक्षा नाही, कोणी हसत नाही.

देवनागरीत अजून एक भानगड आहे. 'शिक्षक' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी लागते आणि तोंडाने आधी श येतो. 'सूर्य' मधला र य च्या आधी बोलायचा पण तो बसलाय य च्या डोक्यावर. म्हणजे डावीकडून उजवीकडे रंग सरकवत नेला तर आवाज आणि अक्षर यांचा क्रम मध्येच उलटा होतो, म्हणून माझ्या मते आपल्याकडे अख्खा शब्द एकदम रंगवणंच बरोबर. अर्थात ज्याला एकही अक्षर येत नाही त्याला ही पट्टी म्हणजे निव्वळ नक्षी, त्याला आधी कोणीतरी अक्षरओळख करून द्यायलाच हवी.



विज्ञानाच्या व्हिडिओंचं गणित मात्र वेगळं. डेरेक मुलरने सिडनी विद्यापीठात पीएचडी करताना विद्यार्थ्यांना बलाबद्दल छान सोपा व्हिडिओ दाखवला. मुलं म्हणाली एकदम क्लिअर! आधीच्या चाचणीत 26 पैकी सरासरी 6 मार्क होते, नंतर 6.3. वर फेकलेल्या चेंडूवर हाताचं बल वर जाईपर्यंत लागूनच असतं, ही डोक्यातली जुनी समजूत तशीच राहिली होती आणि व्हिडिओत आपण म्हणतो तेच सांगितलंय असं त्यांना वाटलं. मग दुसरा व्हिडिओ केला, त्यात आधी चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती खोडली. तो मुलांना गोंधळाचा वाटला, मार्क मात्र 11 पर्यंत गेले. सोपा वाटणारा व्हिडिओ म्हणजे चांगला व्हिडिओ असं धरून चालणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

आणि इथे ती पट्टी नडतेसुद्धा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असं दिसलं की हलती आकृती आणि निवेदन चालू असताना तेच शब्द खाली लिहून आले तर वाचता येणाऱ्याचं आकलन कमी होतं, कारण अक्षरं न वाचणं जमत नाही हे वर झालंच, आणि तेवढ्यात आकृतीत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. त्यामुळे गाणं-गोष्ट असेल तर पट्टी चालू, आकृती हलत असेल तर बंद.

विज्ञानाच्या व्हिडिओंत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी केलेले खेळण्यांचे व्हिडिओ मला फार पटतात, मिनिट-दोन मिनिटांचे, मराठीतही आहेत. एक सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, झाली मोटर. तारेच्या एका टोकाचं इनॅमल, म्हणजे वरचा लेप, सगळीकडून खरवडायचं आणि दुसऱ्याचं अर्ध्या घेरापुरतंच. मूल दोन्ही पूर्ण खरवडतं, वेटोळं नुसतं थरथरतं, अर्धा फेरा पुढे ढकललं जातं आणि उरलेला अर्धा मागे. मग ते परत व्हिडिओ लावतं.

पट्टीसाठी यूट्यूबच्या आपोआप तयार होणाऱ्या मराठी कॅप्शनवर मात्र भरवसा ठेवू नका. जोडाक्षरं आणि नावं त्यात हमखास चुकतात, शब्द आवाजाच्या मागे-पुढे पळतात, आणि वाचायला शिकणारं मूल ती चूकही आवाजाशी जोडून ठेवतं. कोणीतरी बसून हाताने टाइप करून, वेळ जुळवून दिलेली कॅप्शन असतील तरच लावा.