मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्यामागचा इतिहास

"आजीचा मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकला की काढू." गावोगावी हे आजही सर्रास ऐकू येतं. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण एकेकाळी हा सल्ला खुद्द डॉक्टरच देत आणि तो रास्तही होता.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. सुश्रुतसंहितेत जवाच्या टोकासारख्या अग्राची शलाका, म्हणजे बारीक सळई, डोळ्यात घालून गढूळ भिंग बाजूला सारण्याची क्रिया सांगितली आहे. भिंग बाहेर काढण्याची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समधल्या जाक दाव्हिएल या शल्यचिकित्सकाने रूढ केली. पण कच्च्या मोतीबिंदूचा मऊ भाग आत चिकटून राही, पिकलेला मात्र सहज निघे. तेव्हापासून थांबणंच शहाणपणाचं ठरलं.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया गावापर्यंत नेली ती शिबिरांनी. पंजाबात मोग्याचे डॉ. मथुरादास, कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांनी एकेका शिबिरात शेकडो डोळे हातावेगळे केले. शाळेचे वर्ग रिकामे करून सतरंज्या टाकायच्या, ओळीने म्हातारी माणसं निजवायची. भिंग आवरणासकट काढायचं म्हणजे बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धा गोल छेद, वर टाके. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि 'खोकू नका, कूस बदलू नका' अशी ताकीद. पुढे कित्येक दिवस डोळ्यावर हिरवी पट्टी. शिबिरं बहुधा हिवाळ्यात भरत. 'उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको' या समजुतीला त्याचाही हातभार लागला असावा.

खरी अडचण त्यानंतर सुरू होई. डोळ्यात भिंगच उरलेलं नसल्याने +10 नंबरच्या आसपासचा जाडजूड चष्मा लागे. त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसे, कडेचं दिसतच नसे, पायरीचा अंदाज चुके. दुसरा डोळा बरा असेल तर दोन डोळ्यांना दोन आकारांच्या वस्तू दिसत आणि मेंदूला त्यांचा मेळ घालता येत नसे. अशा वेळी दोन्ही डोळे अगदी कामातून जाईपर्यंत थांबा, असं सांगण्यात डॉक्टरांचं काय चुकलं? चष्मा फुटला की म्हातारा पुन्हा आंधळा, हे तर वेगळंच.

कृत्रिम भिंग तोवर जगात आलं होतं. लढाऊ विमानांच्या काचेतल्या पर्स्पेक्स या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत सलत नाहीत, हे ध्यानात घेऊन नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 साली लंडनमध्ये ते पहिल्यांदा बसवलं. ते गरिबाच्या डोळ्यापर्यंत यायला मात्र चार दशकं लागली, कारण किंमत. 1976 साली मदुराईत 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू करणारे डॉ. जी. वेंकटस्वामी यांच्या संस्थेने 1992 मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढून भिंगं देशातच बनवायला घेतली आणि ती परदेशी भिंगांच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळू लागली. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच.

केंद्राचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही 1976 चाच. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा खास प्रकल्प राबवला गेला. शिबिरात फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशन रुग्णालयातच, तेही भिंग बसवून, ही घडी या काळात बसत गेली. पुढे बिनटाक्याचं ऑपरेशन आलं आणि माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागला.

देशातलं अंधत्वाचं प्रमाण कार्यक्रमाच्या आरंभी 1.4 टक्के होतं, 2015-19 च्या पाहणीत ते 0.36 टक्के निघालं. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या 6/60 वरून 3/60 वर (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते सहाऐवजी तीन मीटरवरूनही न दिसणं) आणली गेल्याने हे आकडे सरळ वजा करता येत नाहीत. त्याच पाहणीत पन्नाशीपुढच्यांतल्या अंधत्वाला 66.2 टक्के वेळा मोतीबिंदूच कारणीभूत होता. म्हणजे तंत्र आहे, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट आहे, तरी माणसं घरात बसून आहेत.

अडतं ते सोबतीवर. सुगीत मुलाला रोज बुडवता येत नाही, सुनेला घर सोडता येत नाही. आणि म्हाताऱ्या बाईचं तर 'तिला कुठं आता वाचायचंय' म्हणून पुढे ढकललं जातं. वर जुना सल्ला तोंडी लावायला आहेच. आता हिशेब उलटा झाला आहे: फार पिकलेलं भिंग कडक होतं, काढायला जड जातं. काही वेळा ते फुगतं किंवा पाझरतं, डोळ्यातला दाब चढतो, डोळा असह्य ठणकतो. डोळ्याची नस या दाबाने सुकली, तर मागून ऑपरेशन करूनही गेलेली नजर परत येत नाही.