व्याख्यानातून घरी काय न्यायचं?

पूर्वी घरोघर काजळ धरत. एरंडेलाचा दिवा लावायचा, दोन बाजूंना टेकू देऊन त्यावर तांब्याची वाटी उपडी ठेवायची आणि सकाळी वाटीत जमलेली काजळी तुपात खलून डबीत भरायची. ज्या बाईनं हे केलंय तिला ज्योतीचं निम्मं रसायनशास्त्र येतं, फक्त तसं तिला कुणी सांगितलेलं नसतं. वाटीला लागलेली काजळी ही दिव्याची घाण नव्हे. दिव्याचा पिवळा उजेड तिचाच असतो. वातीतून वर चढलेल्या तेलाची उष्णतेनं वाफ होते, ती वाफ फुटून कार्बनचे बारीक कण सुटतात, हजार अंशांच्या वर तापून उजळतात आणि ज्योतीच्या कडेला हवा भेटली की जळून नाहीसे होतात. मध्येच गार वाटी आली तर जळायच्या आधीच तिला चिकटतात. गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळलेली असते, म्हणून ज्योत निळी. बर्नरची भोकं बुजली की तीच ज्योत पिवळी पडते आणि पातेल्यांची बुडं काळी होतात.

हे सगळं मायकेल फॅरेडेनं १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर उलगडून दाखवलं होतं. त्याच्याकडे काजळाची वाटी नव्हती, मेणबत्ती होती. तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण होते हा त्याचा शोध तीस वर्षं जुना झाला होता आणि जगभर त्याचं नाव होतं. तरी सहाच्या सहा व्याख्यानं त्यानं एका मेणबत्तीवर दिली. ज्योतीच्या आतल्या काळसर भागात काचेची नळी धरून तिथली वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ती पेटवून दाखवली. ज्योतीवर बर्फानं गार केलेलं भांडं धरून त्याच्या बुडाला पाणी जमवलं. आगीतून पाणी! आपल्याकडेही हे रोज घडतं. गार पाण्याचं पातेलं गॅसवर चढवलं की पहिल्या मिनिटभरात बुडाला दव धरतं. ते पातेल्यातून झिरपलेलं नसतं. इंधनातल्या हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून ज्योतीतच तयार झालेलं पाणी असतं ते.

फॅरेडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत असताना, १८१२ मध्ये, त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं मिळाली. त्यानं टिपणं काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातानं त्यांची वही बांधली आणि ती डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी तो डेव्हीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. मला वाटतं, त्याची सगळी व्याख्यानं त्या वहीची परतफेड होती. आपण एका व्याख्यानातून काय घेऊन घरी गेलो होतो, हे तो विसरला नव्हता.

आपल्याकडे बोलण्याची ही कला नवी नाही. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आमच्या विज्ञानवक्त्यांची गाडी बहुतेक वेळा पूर्वरंगातच अडकते. व्याख्या, वर्गीकरण, इतिहास, मग घड्याळाकडे नजर, आणि आख्यान राहूनच जातं. मीही यातलाच. एका शाळेत गुरुत्वाकर्षण समजावताना मी चौघांना चादर ताणून धरायला लावली, मध्ये जड गोळा ठेवला आणि कडेनं गोटी सोडली. गोटी गोळ्याकडे घरंगळली. सूर्यामुळे अवकाश असं वाकतं, म्हणून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असं मी ऐटीत सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "सर, पण गोटीला खाली कोण ओढतंय?"

ओढत होतं गुरुत्वाकर्षणच. जे समजावायचं तेच मी चादरीखाली लपवलं होतं. शिवाय आईन्स्टाईनच्या सिद्धांतात नुसतं अवकाश वाकत नाही, काळही वाकतो, आणि पृथ्वीला सूर्याभोवती फिरवण्यात त्या काळाच्या वाकण्याचाच वाटा मोठा आहे. चादरीला काळ नसतो. तेव्हापासून मी चादर वापरतो, पण गोटी घरंगळली की आधी तोच प्रश्न स्वतः विचारतो. उपमा कुठवर चालते आणि कुठे तुटते हे सांगितलं की ऐकणारा आपल्यावर विश्वास टाकतो. लपवलं तर आज ना उद्या मागच्या रांगेतून कुणीतरी उठतंच.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद इथे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, आपण तिला जीएमआरटी म्हणतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधोमध जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूर पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली होते आणि आसपासच्या शाळांची मुलं तिथे गर्दी करतात. तबकडीखाली उभं राहिलं की पहिल्यांदा खटकतं ते हे, की तिच्यातून आभाळ दिसतं. ती पत्र्याची नाहीच, तारांची जाळी आहे. मग तारे टिपणारं हे यंत्र गळत कसं नाही?

वारा आणि जाळीचं नातं त्या भागात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. वादळात ताडपत्री उडते, शेडनेट तग धरतं. एवढी मोठी तबकडी भरीव केली असती तर वाऱ्याचा मारा सोसायला प्रचंड लोखंड लागलं असतं, आणि खर्चही तसाच. पण आभाळातून येणाऱ्या रेडिओलाटा जाळीत कशा अडतात? इथे चाळणीची उपमा सुचते. चाळणीच्या भोकाहून मोठा खडा वरच राहतो. जीएमआरटी ज्या रेडिओलाटा टिपते त्यांची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. म्हणून लाट अडते. इथवर चाळण ठीक आहे. पण लाट म्हणजे काही खडा नव्हे, ती भोकात अडकून बसत नाही. लाट आली की तारेतले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात, आणि हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच लाट सोडतात, तीच परत फिरलेली लाट. दोन तारांमधली फट लाटेच्या मानानं इतकी किरकोळ असते की लाटेला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते. प्रकाशाची लाट मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते, तिला त्या फटी म्हणजे उघडी दारं. मायक्रोवेव्हच्या दाराला भोकांचा पत्रा असतो तो याचसाठी. आत फिरणारं ताट दिसतं, पण जवळपास १२ सेंटिमीटरची लाट बाहेर येत नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला गेली की ते वहीवर सही करत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, म्हणत. उत्तराखाली सही यायची. स्वाक्षरी हवी तर आधी प्रश्न सुचला पाहिजे, हा त्यांचा सौदा मला फार आवडतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते नावाला मिळालं असं कुणाला म्हणता आलं नाही. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो हे समीकरणात वाचलं तर डोकं नुसतं हो म्हणतं. तिथे जाऊन आलेल्या माणसाला घरचे सगळे म्हातारे झालेले दिसले की पोटात खड्डा पडतो. जे करून पाहता येत नाही, तिथे गोष्टीला पर्याय नाही.

पण नारळीकरांचं लोकांना सगळ्यात जवळचं काम मला वेगळंच वाटतं. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन फलज्योतिषाची चाचणी केली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलं, अशा दोनशे कुंडल्या. त्यातल्या ४० कुंडल्या एकेका ज्योतिषाला द्यायच्या, आणि कोणती कुठल्या गटातली ते त्यानं सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. ४० पैकी निदान २८ जमले तर मानू, असं आधीच ठरलं होतं, आणि सर्वांत चांगल्या उत्तरात २४ बरोबर होते.

२८ च का? ते कळायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, एक रुपयाचं नाणं लागतं. दोन गटांतला एक नुसत्या अंदाजानं सांगणं म्हणजे नाणं उडवणंच. चाळीस वेळा उडवा आणि छापे मोजा. वीसच्या आसपास येतील. कधी सतरा, कधी तेवीस. अठ्ठावीस किंवा जास्त छापे पडावेत असा योग शंभर खेळ्यांत एकदाही नीट जुळत नाही. ज्योतिष खोटं असं व्यासपीठावरून ओरडून सांगितलं की समोरचा कान मिटतो. नाणं हातात दिलं तर तो निदान मोजायला लागतो. पटेलच असं नाही; मोजूनही न पटलेली माणसं मी पाहिली आहेत.

फॅरेडेचा एक प्रयोग मुद्दाम मागे ठेवला होता. पंखा बंद करा, मुलं असतील तर जवळ बसा. मेणबत्ती दोनेक मिनिटं जळू द्या आणि हलकी फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर चढेल. तो नुसता धूर नाही, न जळलेल्या मेणाची गार होत चाललेली वाफ आहे. पेटलेली काडी वातीला न लावता त्या रेघेला, वातीच्या बोटभर वर, लावा. ज्योत धुरावरून सरसर खाली उतरते आणि वात पेटते. तुपाच्या निरांजनावर हे जमतं का, ते इथे सांगत नाही.