अमेरिकन सिनेट, १८८१ : पक्षबलाबल व रिक्त जागा

अमेरिकेच्या सत्तेचाळिसाव्या काँग्रेसमध्ये (१८८१–८३) सिनेटचा ताबा कोणत्या पक्षाकडे, हे निवडणुकीच्या निकालापेक्षा रिकाम्या जागांनी ठरवले. ३८ राज्यांच्या ७६ जागांपैकी रिपब्लिकन ३७ व डेमोक्रॅट ३७ होते. उरलेल्या दोघांपैकी इलिनॉयचे अपक्ष डेव्हिड डेव्हिस समित्यांच्या रचनेत डेमोक्रॅटांबरोबर, तर व्हर्जिनियाचे विल्यम महोन रिपब्लिकनांबरोबर गेले. महोन हे राज्याच्या जुन्या कर्जाची फेररचना मागणाऱ्या रीॲडजस्टर पक्षाचे. काही याद्या त्यांना रिपब्लिकनांतच मोजतात; परंतु ते त्या पक्षातर्फे निवडून आलेले नसल्याने त्यांची गणना वेगळी करणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यांचा कल नेमणुकांच्या आमिषाने ठरला, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्यांना शेती समितीचे अध्यक्षपद मिळाले हे खरे. तथापि व्हर्जिनियातील गोऱ्या व कृष्णवर्णीय मतदारांची त्यांची आघाडी लक्षात घेता हे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

विशेष अधिवेशन ४ मार्चला भरले. सिनेटर ब्लेन, विंडम व कर्कवुड मंत्रिमंडळात गेले. विस्कॉन्सिनचे कार्पेंटर फेब्रुवारीतच निवर्तले होते. या चारही जागा रिपब्लिकनांच्या. त्या भरल्यावर, १८ मार्चच्या सुमारास, मते समसमान पडल्याने, सिनेटचे पदसिद्ध अध्यक्ष असलेले उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या निर्णायक मताने समित्या रिपब्लिकनांकडे आल्या. सिनेटचे सचिव व इतर अधिकाऱ्यांच्या निवडीवर मात्र कोंडी कायम राहिली.

रिक्त जागा भरण्याची रीत येथे महत्त्वाची ठरते. सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडत असे. ते स्थगित असेल तरच गव्हर्नरला तात्पुरती नेमणूक करता येई. १८६६ च्या कायद्यानुसार दोन्ही सभागृहे प्रथम स्वतंत्रपणे मतदान करीत; एकमत न झाल्यास संयुक्त बैठकीत रोज मतदान होई. न्यूयॉर्कच्या बंदराच्या कलेक्टरपदावरील (जकात अधिकाऱ्याच्या) नेमणुकीच्या वादातून त्या राज्याचे दोन्ही रिपब्लिकन सिनेटर कॉन्कलिंग व प्लॅट यांनी १६ मे रोजी राजीनामे दिले, तेव्हा न्यूयॉर्कचे विधिमंडळ भरलेले होते. साहजिकच प्रकरण संयुक्त मतदानात अडकले. त्यांच्या जागी मिलर १६ जुलैला, तर लॅपहॅम २२ जुलैला निवडून आले.

दरम्यान या दोन जागा रिकाम्या राहिल्याने बहुमत डेमोक्रॅटांच्या बाजूला झुकले होते. अधिवेशन संपण्यापूर्वी उपराष्ट्राध्यक्षाने आसन सोडावे व सभागृहाने हंगामी अध्यक्ष निवडावा, अशी प्रथा होती. ते पद विरोधकांकडे जाईल म्हणून आर्थर यांनी ती पाळली नाही. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांचे निधन होऊन आर्थर त्यांच्या जागी आले. तेव्हा १७९२ च्या कायद्याने ठरलेला राष्ट्राध्यक्षपदाचा एकही वारस (सिनेटचा हंगामी अध्यक्ष वा प्रतिनिधिगृहाचा सभापती) उरला नव्हता, कारण नव्या प्रतिनिधिगृहाचा सभापतीही अद्याप निवडलेला नव्हता.

१० ऑक्टोबरला सिनेट पुन्हा भरली. न्यूयॉर्कचे दोघे व ऱ्होड आयलंडचे ऑल्ड्रिच या नवनिर्वाचित रिपब्लिकनांचा शपथविधी होण्यापूर्वीच डेमोक्रॅटांनी डेलावेअरचे बेयर्ड यांना हंगामी अध्यक्ष केले. तिघे आत येताच, १३ ऑक्टोबरला, रिपब्लिकनांच्या पाठिंब्याने ते पद डेव्हिस यांच्याकडे गेले. राष्ट्राध्यक्षपदाचा वारसाहक्क १८८६ मध्ये मंत्रिमंडळाकडे सोपवण्यात आला. हंगामी अध्यक्ष दुसरी निवड होईपर्यंत पदावर राहील, हे सिनेटने १८९० मध्ये ठरवले.