परदेशी सहल : आधी सुट्टी बघा, मग देश ठरवा

आमच्याकडे चौकशीला येणारी बहुतेक कुटुंबे देश ठरवूनच येतात. ‘यंदा थायलंड’ किंवा ‘यंदा स्वित्झर्लंड’ हे पक्के झालेले असते आणि महिना शाळेच्या सुट्टीवर सोडलेला असतो. आमचा सल्ला याच्या उलट आहे. घरात शाळकरी मुले असतील तर मोठ्या सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. त्या आपल्या सोयीने पुढेमागे करता येत नाहीत, देश मात्र बदलता येतो. म्हणून हातात असलेल्या सुट्टीत जो देश चांगला दिसतो, तोच घ्यावा.

मे महिन्यात

मेमध्ये सर्वात जास्त विचारणा स्वित्झर्लंडची होते, आणि निवड चांगलीच आहे. डोंगरावर रेल्वेने जाता येते त्या युंगफ्राऊयोख खिंडीत, 3,454 मीटर उंचीवर, बर्फ बाराही महिने मिळतो. खाली लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात तेव्हा कुरणे हिरवीगार झालेली असतात आणि वरचा बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात. त्यातला श्टाउबबाख तर जवळपास 300 मीटर उंचीच्या कड्यावरून गावाच्या अगदी कडेला कोसळतो. सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मुले आणि आजी-आजोबा सोबत असले तरी घाई करावी लागत नाही.

पण मे म्हणजे तिथला कोरडा उन्हाळा नव्हे. पाऊस पडतो, आणि ढग उतरले की महागडे तिकीट काढून वर गेलेल्यांना काचेपलीकडे नुसते पांढरे दिसते. यासाठी आम्ही पायथ्याच्या इंटरलाकेन गावाच्या परिसरात किमान तीन रात्री ठेवतो आणि डोंगराचा दिवस आधीपासून पक्का करत नाही. वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण मोबाइलवर दिसते. सकाळी नाश्त्याच्या आधी ते बघायचे, आकाश मोकळे असेल तर त्याच दिवशी निघायचे, नसेल तर ल्युसर्नला किंवा तळ्यावर बोटीने फिरायला जायचे. एक रात्र वाढली की खर्च वाढतो हे आम्हाला माहीत आहे, पण ही रात्र कमी करू नका असे आम्ही आग्रहाने सांगतो. गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : फुर्का, ग्रिमसेल यांसारखे उंच घाट बर्फामुळे मेअखेरपर्यंत, कधी जूनमध्येही बंद असतात.

ट्युलिपची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समधली क्युकेनहॉफ बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते आणि खरा बहर एप्रिलच्या मध्याला. परीक्षा उरकून आपण मेमध्ये पोहोचतो तोवर तो ओसरू लागतो. ट्युलिप हेच मुख्य आकर्षण असेल तर एप्रिलमध्येच जा, नाहीतर तो हट्ट सोडा.

मेच्या सुट्टीत उत्तरेचा प्रकाश, म्हणजे ‘नॉर्दर्न लाइट्स’, दाखवाल का, असेही हमखास विचारले जाते. नाही दाखवू शकत. त्याला काळोखी रात्र लागते, आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला साधारण 20 मेपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तो प्रकाश बघायचा तर सप्टेंबर ते मार्च. मेअखेरीस तिथे गेलात तर मध्यरात्रीचा सूर्य दिसेल, तोही विलक्षण असतो, पण दोन्ही एका सहलीत मिळत नाहीत.

समुद्र हवा असेल तर मेमध्ये थायलंडमधले फुकेत आणि क्राबी टाळा. आपल्याकडे जूनमध्ये येणारा नैऋत्य मोसमी पाऊस तिथे मेमध्येच सुरू होतो. समुद्र खवळतो, बेटांवर जाणाऱ्या बोटी रद्द होतात, सिमिलन बेटे तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. त्याऐवजी बाली घ्या, तिथला कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. श्रीलंका आवडत असेल तर पश्चिमेचे बेंटोटा आणि गाल सोडून पूर्व किनाऱ्याला त्रिंकोमालीला जा. मेमध्ये पश्चिमेला पाऊस असतो तेव्हा पूर्वेचा समुद्र शांत असतो.

दिवाळीत

दिवाळीची तारीख सरकते आणि तिच्याबरोबर सहलीचे गणितही. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. 2027 मध्ये ते 29 ऑक्टोबरला आहे. फरक दहा दिवसांचा, पण जपानला जाणाऱ्यांसाठी तो फार मोठा. क्योटोतल्या मेपलची पाने नोव्हेंबरच्या मध्यापासून रंगू लागतात आणि महिनाअखेरीस लालभडक होतात. म्हणजे 2026 ची दिवाळी करून निघालात, तर परतीच्या आधीचे दिवस क्योटोला ठेवावेत. 2027 मध्ये त्याच सुट्टीत क्योटो हिरवेच सापडेल, तेव्हा उंचावरचे निक्को बरे, तिथे पाने आधी रंगतात.

व्हिएतनाम सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. दिवाळीत हनोई आणि हालाँगचा उपसागर छान, हवा कोरडी होऊ लागते. दा नांग आणि होई आन मात्र तेव्हा नको. मध्य व्हिएतनामचा मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचाच, आणि होई आनच्या जुन्या गावात नदीचे पाणी शिरते. कंदिलांच्या फोटोंवर जाऊ नका. थायलंडमध्येही दिवाळीला फुकेत सुधारू लागते, पण पूर्वेकडच्या को सामुई बेटाला नोव्हेंबर हा सर्वात पावसाळी महिना.

आमच्या मते दिवाळीच्या सुट्टीला सर्वात जास्त न्याय देणारे ठिकाण ऑस्ट्रेलिया. तिथे तेव्हा वसंत असतो, सिडनीचे रस्ते जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांनी भरलेले असतात आणि ख्रिसमसची महागाई सुरू झालेली नसते. खर्च कमी ठेवायचा तर नेपाळ : पावसाळा सरल्यावर पोखऱ्याहून अन्नपूर्णा पर्वतरांग जितकी स्वच्छ दिसते तितकी मेमध्ये दिसत नाही, आणि आपल्याला व्हिसाही लागत नाही.

शाळेचे बंधन नसेल तर

निवृत्त मंडळी आणि नवविवाहितांनी मेच्या गर्दीत जाऊच नये. युरोपसाठी सप्टेंबर सर्वात उत्तम : रोम, अथेन्सचा उन्हाळा उतरलेला असतो (जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकला की अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावे लागते) आणि तिकडच्या शाळा उघडल्याने रांगा कमी. गणपती झाल्यावर निघा. पितृपक्षात प्रवास न करणाऱ्यांना आम्ही आग्रह करत नाही, त्यांच्यासाठी विसर्जनाआधी परतणारी किंवा नवरात्रात निघणारी आखणी करतो. शाळेचे बंधन असले तरी विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे नागपूर-अमरावतीच्या ग्राहकांनी मे सोडून जूनच्या पहिल्या पंधरवड्याचे विमानभाडे जरूर विचारावे.

केनियातल्या मसाई माराला वन्यप्राण्यांचे मोठे स्थलांतर बघायचे असेल तर जुलै ते ऑक्टोबर. मॉरिशसला जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, तो टाळावा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एखाद्या वर्षी गणपतीतच तिकडे जाता आले तर हवाही तेव्हा सुखद असते.

नोंदणी कधी करावी

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. शेवटपर्यंत थांबू नका. निर्णय एरवी पंधरा दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात. मेमध्ये जाणाऱ्यांनी जानेवारीतच अर्ज करावा, कारण मार्च-एप्रिलमध्ये बोटांचे ठसे देण्यासाठी तारीख मिळवताना दमछाक होते. दिवाळीसाठी जूनमध्ये बोलायला या.

येताना सर्वांचे पासपोर्ट आणा. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत उरलेली असावी, नसेल तर आधी नूतनीकरण. मुलांचे शाळेचे वार्षिक वेळापत्रक आणा. आणि घरात कोणाला थंडी सोसत नाही, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला बोट लागते, हे मोकळेपणाने सांगा. त्यावरून आम्ही महिना आणि देश दोन्ही सुचवू.