कांपेसिनो कोण, हे ठरवणार कोण?

२४ जून १९६९. पेरूचे लष्करी राष्ट्राध्यक्ष जनरल हुआन वेलास्को आल्वारादो यांनी जमीन सुधारणेचा कायदा जाहीर केला. बड्या जमीनदारांच्या ‘हासिएन्दा’, म्हणजे जहागिरीसारख्या पसरलेल्या शेतजमिनी, काढून घ्यायच्या आणि तिथे राबणाऱ्यांच्या हाती द्यायच्या, असा तो कायदा. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९३० पासून हा दिवस सरकारदरबारी ‘इंदियोंचा’, म्हणजे मूळनिवासींचा, दिवस म्हणून पाळला जाई. वेलास्कोंनी त्याचं नाव बदलून ‘कांपेसिनोंचा दिवस’ केलं. नव्या राजवटीत अँडीज पर्वतातल्या हजारो गावांची कायदेशीर ओळखही बदलली. कागदोपत्री जे ‘मूळनिवासी समुदाय’ होते, ते ‘कांपेसिनो समुदाय’ झाले.

स्पॅनिशमध्ये ‘कांपो’ म्हणजे शेतशिवार, गावाकडचा मुलूख. त्या मुलखात राहणारा आणि जमिनीवर राबणारा तो कांपेसिनो, बाई असेल तर कांपेसिना. शब्द साधा आहे, पण त्याची व्याप्ती आपल्या ‘शेतकरी’ या शब्दाहून वेगळी आहे. पाचशे हेक्टरवर ट्रॅक्टर लावून सोयाबीन काढणाऱ्याला स्पॅनिशमध्ये कोणी कांपेसिनो म्हणणार नाही, तो ‘आग्रिकुल्तोर’. उलट स्वतःची गुंठाभर जमीन नसलेला, दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने किंवा मजुरीने काम करणारा माणूस स्वतःला बेधडक कांपेसिनो म्हणवतो. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांत मजुरांचा संप सुरू झाला, तेव्हा संपकऱ्यांनी मळ्यांच्या कडेला नाटकं करण्यासाठी काढलेल्या मंडळीचं नाव होतं ‘एल तेआत्रो कांपेसिनो’. त्या नटांपैकी कोणाच्या नावावर मळा नव्हता.

‘इंदियो’ ही अँडीजमध्ये शिवी होती. मालकाच्या जमिनीवर वेठीला धरलेला, केचुआ किंवा आयमारा बोलणारा माणूस म्हणजे इंदियो. कांपेसिनो म्हटलं की वंशाचा डाग जातो आणि कामाची ओळख उरते, अशी सुधारकांची कल्पना होती. बोलिव्हियात हेच सोळा वर्षं आधी झालं होतं. १९५२च्या क्रांतीनंतर २ ऑगस्ट १९५३ रोजी कोचाबांबा खोऱ्यातल्या उकुरेन्या गावी जमीन वाटपाच्या हुकुमावर सह्या झाल्या, आणि क्रांतिकारी सरकारच्या भाषेतून ‘इंदियो’ हद्दपार झाला. माणसं शेतकरी संघटनांचे सभासद झाली आणि मतदारही झाली. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण नावासोबत आणखीही काही जात होतं. आपली भाषा, आपले देव, सामाईक जमिनीवरचा आपला पिढीजात अधिकार या गोष्टी ‘वर्ग’ या चौकटीत बसत नव्हत्या.

त्याची किंमत पेरूत चाळीस वर्षांनी कळली. मूळनिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार पेरूने १९९४ मध्ये मान्य केला होता. त्याला धरून २०११ मध्ये तिथे कायदा झाला: मूळनिवासींच्या जमिनीवर परिणाम करणारा प्रकल्प आणण्याआधी सरकारने त्यांच्याशी सल्लामसलत केलीच पाहिजे. आता प्रश्न आला की मूळनिवासी कोण? अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले समुदाय १९७४ पासून ‘नेटिव्ह समुदाय’ म्हणून नोंदलेले होते, त्यांच्याबद्दल फारसा वाद नव्हता. डोंगरातल्या केचुआ गावांचे कागद मात्र ‘कांपेसिनो समुदाय’ असं सांगत होते, आणि पेरूतल्या खाणी बऱ्याचशा याच डोंगरांत आहेत. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओयांता हुमाला यांनी मुलाखतीत साधारण असाच सूर लावला की डोंगरात आहेत ते बहुतेक शेतकरी समुदाय, मूळनिवासी प्रामुख्याने जंगलात. केचुआ लोक पुढे अधिकृत यादीत आले, पण नेमकी कोणती गावं, हे जाहीर व्हायला आणखी वेळ गेला. ज्या शब्दाने आजोबांची शिवीतून सुटका केली, त्याच शब्दावर बोट ठेवून नातवाला विचारलं जात होतं: तू तर कांपेसिनो, मग तुला का विचारायचं?

बोलिव्हियाने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. १९७९ मध्ये तिथल्या कांपेसिनोंनी आपला मोठा महासंघ उभा केला. नावात कांपेसिनो ठेवला, पण नेतृत्वातली बरीच मंडळी अठराव्या शतकातला आयमारा बंडखोर तुपाक कातारी याचा वारसा सांगणारी होती. वर्ग आणि वंश यांतलं एकच निवडा, हे त्यांना मान्य नव्हतं. २००९च्या राज्यघटनेत मग ‘इंदिहेना ओरिहिनारिओ कांपेसिनो’ ही संज्ञा आली. ‘इंदिहेना’ म्हणजे मूळनिवासी, ‘ओरिहिनारिओ’ म्हणजे आद्य रहिवासी. तीन शब्द सलग, मध्ये स्वल्पविराम नाही. सखल प्रदेशातल्यांना पहिला शब्द जवळचा, पठारावरच्या जुन्या समुदायांना दुसरा, संघटनेत वाढलेल्यांना तिसरा. स्वल्पविराम घातला असता तर तीन गट झाले असते आणि कोणता हक्क कोणाचा, यावर भांडणं लागली असती.

अर्थशास्त्रज्ञांना या माणसाचं वेगळंच कोडं पडलं होतं. बाजारभाव पडले की कारखानदार उत्पादन कमी करतो, कांपेसिनो मात्र अनेकदा वाढवतो. १९२०च्या दशकात रशियाचे कृषी अर्थशास्त्रज्ञ अलेक्सांद्र चायानोव्ह यांनी रशियातल्या शेतकरी कुटुंबांच्या तपशीलवार आकडेवारीवरून याचं उत्तर मांडलं. या घरात मजुरीचा हिशोबच नसतो, कारण राबणारे आणि खाणारे तेच असतात. म्हणून नफा किती, हे तिथे मोजताच येत नाही. तोलायचं असतं ते एवढंच: घराची गरज किती भागली आणि अंग किती मोडलं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांत खाणारी तोंडं वाढतात, हात दोनच असतात, म्हणून आईबाप जास्त राबतात. मुलं हाताशी आली की ताण उतरतो. भाव पडला तर तीच गरज भागवायला जास्त पिकवावं लागतं. नफ्यातोट्याच्या भाषेत जो वेडेपणा दिसतो, तो घराच्या भाषेत सरळ हिशोब असतो. स्टालिनच्या सामुदायिक शेतीत असल्या विचाराला जागा नव्हती. चायानोव्हना १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

त्यांचे विचार १९६६च्या इंग्रजी भाषांतरानंतर जगभर पोचले आणि सत्तरच्या दशकात मेक्सिकोत त्यावरून जोरदार वाद पेटला. एका बाजूला ‘कांपेसिनिस्ता’: त्यांच्या मते हे कुटुंब भांडवलशाहीतही तग धरेल, कारण जिथे मजूर लावून शेती परवडत नाही तिथेही ते टिकतं. दुसऱ्या बाजूला ‘देस्कांपेसिनिस्ता’: त्यांच्या मते हे सगळे हळूहळू मजूर होणार, काहींना ते अजून कळलेलं नाही इतकंच. माझ्या मते दोघेही अर्धेच बरोबर निघाले. आज मेक्सिकोच्या कित्येक खेड्यांत म्हातारी माणसं मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरलेली ‘मिल्पा’ सांभाळतात आणि खर्चाचा पैसा अमेरिकेत मजुरीला गेलेला मुलगा पाठवतो. याला शेतकरी म्हणायचं की मजूर? कुटुंब एकच आहे.

असा माणूस मोजायचा तरी कसा? सातबारावर नाव असेल तो शेतकरी, ही आपल्या महाराष्ट्रातली सोय. शेतजमीन विकत घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि तो शेवटी सातबाऱ्याशीच येऊन थांबतो. दिवसभर निंदणी-खुरपणी करणारी, पण उताऱ्यावर नाव नसलेली बाई त्यात येत नाही. राष्ट्रीय शेतकरी धोरणाने २००७ मध्ये वाटेकरी, शेतमजूर, पशुपालक अशा सगळ्यांना व्याख्येत घेतलं, तलाठ्याच्या दप्तरात मात्र उतारा तोच राहिला.

कोलंबियाने वेगळी वाट धरली. जनगणनेत आम्ही दिसतच नाही, अशी तक्रार घेऊन तिथले सतराशेहून अधिक कांपेसिनो न्यायालयात गेले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्यांची गणती करण्याची व्यवस्था उभारायला सांगितलं. मानववंशशास्त्रज्ञांनी व्याख्या केली ती चार अंगांनी: भूप्रदेशाशी नातं, संस्कृती, उत्पादनाची रीत आणि संघटन. हेक्टरची अट घातली नाही. सांख्यिकी खात्याच्या पाहण्यांत मग थेट विचारायला लागले: तुम्ही स्वतःला कांपेसिनो मानता का? पूर्वी कधी होता का? तुमची वस्ती कांपेसिनो आहे का? चारांतल्या एकाहून अधिक प्रौढांनी पहिल्या प्रश्नाला हो म्हटलं. काही अभ्यासकांना हे पटत नाही, शहरात नोकरी करणाराही भावनेच्या भरात हो म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप खोटा नाही. पण जात, धर्म, मातृभाषा हेही आपण सांगेल तेच लिहून घेतो, आणि सातबाऱ्याने होणाऱ्या चुका याहून लहान आहेत, असंही नाही.

२०२३ मध्ये कोलंबियाच्या घटनेचं ६४वं कलम बदललं. तिथे पूर्वी ‘शेतीतले कामगार’ होते, आता कांपेसिनो समाजाला विशेष संरक्षण आहे. जमिनीचा प्रश्न मात्र त्याने सुटलेला नाही. १९९४च्या कायद्याने कांपेसिनोंसाठी राखीव टापू ठरवता येतात, मूळनिवासींच्या सामाईक जमिनी वेगळ्या आणि आफ्रिकी वंशाच्या समुदायांच्या सामूहिक जमिनींसाठी १९९३चा कायदा वेगळा. काउका प्रांतात हे तिन्ही समाज शेजारी शेजारी राहतात, आणि तिथे एकाच डोंगरउतारावर तिघांचेही दावे आहेत.