ईटनचं छत कुणाच्या जिवावर उभं आहे?

सोलापुरातल्या आमच्या एका ग्रुपवर मध्यंतरी इंग्लंडच्या ईटन शाळेतल्या चॅपेलचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, फोटो फिरत होता. डोक्यावर पंख्यासारख्या उलगडत गेलेल्या दगडी शिरा, आणि खाली ओळ: पाचशे वर्षांपूर्वी ना सिमेंट, ना लोखंड, तरी बघा!

बघितलं. चॅपेल जुनं आहे, यात वाद नाही. इंग्लंडच्या राजा सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये शाळा काढली आणि लगेच चॅपेलचं काम धरलं. १४६१ मध्ये त्याची गादी गेली, काम रखडलं आणि आराखड्यातला मोठा सभामंडप कधी झालाच नाही. आज दिसतं ते मूळ बेताचं एक टोक. पण फोटोतलं छत १९५० च्या दशकातलं आहे. ते काँक्रीटचं आहे, त्याला दगडाचा मुलामा आहे आणि वरून पोलादी कैच्यांचा (दांड्या तिकोनात जोडून केलेल्या सांगाड्यांचा) आधार आहे. म्हणजे सिमेंटही आहे आणि लोखंडही.

आधीचं छप्पर लाकडी होतं, ते ‘डेथवॉच’ नावाच्या भुंगेऱ्याने पोखरलं. त्याच्या अळ्या जुन्या ओक लाकडात वर्षानुवर्षं कुरतडत राहतात. मोठा झालेला किडा जोडीदाराला बोलवायला लाकडावर डोकं आपटतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना ती टकटक ऐकू यायची, म्हणून ती मरणाची चाहूल ठरली. आपल्याकडे पिंगळा ओरडला की जे होतं, तेच. किडा बिचारा लग्नाच्या खटपटीत!

आता मुद्द्याचं. कमान नुसती खाली भार देत नाही, ती बाजूला रेटते. गळ्यातली साखळी दोन हातांत धरून सैल सोडा. ती बोटांना आत ओढते. तीच वक्ररेषा उलटी केली की ओढीचा दाब होतो आणि टोकं बाहेर ढकलली जातात. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १६७५ मध्ये छापलं, पण अक्षरांची उलटापालट करून, कोड्यात. दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून! ही उलटी रेषा दगडांच्या जाडीच्या आत राहिली तर कमान उभी राहते, बाहेर गेली तर सांधे उघडतात.

रेटा किती? गाळा म्हणजे कमानीच्या दोन पायांमधलं अंतर. भार सगळीकडे सारखा असेल तर:

बाजूचा रेटा = (एकूण भार × गाळा) ÷ (८ × कमानीची उंची)

४० टन भार, १२ मीटर गाळा, ३ मीटर उंची धरली तर रेटा २० टन. उंची निम्मी केली की ४० टन. कमान जितकी बसकी, तितका भिंतीला जाच जास्त. चुन्यात काय कालवलं होतं यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण रेट्याचा हा हिशेब चुकला तर कुठलाही चुना कामाला येत नाही.

पंख्यासारखं खरं दगडी छत बघायचं तर त्याच हेन्रीने सुरू केलेलं केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपेल. जॉन वास्टेलने ते छत १५१२ ते १५१५ मध्ये घातलं. गाळा बारा मीटरहून जास्त, आणि शिरांमधल्या दगडाची जाडी जेमतेम १० सेंटिमीटर. त्याचा रेटा बाहेरचे भक्कम दगडी टेकू पेलतात. ईटनला मात्र कैची आहे. वरच्या तिरक्या दांड्यांचा रेटा खालची आडवी दांडी ताणून धरते, त्यामुळे भिंतीवर येतो तो फक्त उभा भार. खालून दिसणारी कमान दिसायला कमान आहे, काम करायला नाही. मला त्यात फसवणूक वाटत नाही. पोखरलेल्या लाकडाच्या जागी केलेला तो चोख इलाज आहे.

आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोलघुमट आहे, १६५६ चा. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट, आणि बाहेर टेकू एकही नाही. आतल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि चौकोनाचा गोल करून आतल्या बाजूला झुकतात. घुमट बाहेर रेटतो, तर पुढे आलेल्या या दगडकामाचं वजन आत ओढतं. गाईड सज्जात टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकवतो. ज्या सज्जावर आपण उभे असतो, तो याच आत झुकलेल्या भारावर आहे, हे कुणी सांगत नाही.