फिटमधलं विसरणं आणि फिट नसतानाचं विसरणं

टेंपोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून फिट उठणाऱ्या अपस्माराचा पेशंट डॉक्टरांसमोर बसला की घरचे हमखास सांगतात, ‘याला काही आठवतच नाही.’ या एका वाक्यात दोन तक्रारी दडलेल्या असतात. परवा फिट आली तेव्हा काय झालं ते आठवत नाही, ही एक. आणि फिट नसताना, चांगलं हसत-बोलत असतानाही मंगळवारी ठरलेली गोष्ट शुक्रवारी डोक्यात नसते, ही दुसरी. दोन्हींचं मूळ मेंदूत जवळपास एकाच जागी आहे: कानाच्या पातळीवर, टेंपोरल लोबच्या आतल्या कडेला असलेला, नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस. तो डावीकडे एक आणि उजवीकडे एक असतो. जागा एकच असल्यामुळे दोन्ही तक्रारींची गल्लत होते. त्यात दुसरी तक्रार पहिलीच्या आड लपून जाते आणि वर्षानुवर्षं कुणी तिची वेगळी दखल घेत नाही.

आधी फिटमधलं विसरणं बघू. ‘आकडी’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, तशी ही फिट बहुतेक वेळा नसते. माणूस पडत नाही, फेस येत नाही, त्यामुळे कुणी कांदा किंवा चप्पल हुंगवायलाही धावत नाही (त्याचा उपयोग कुठल्याच फिटमध्ये नसतो). पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं वाटतं, किंवा समोरचं सगळं आधी घडून गेलंय असा भास होतो. मग नजर थिजते, तोंड चघळल्यासारखं हलतं, हात ओढणीचं टोक नाहीतर शर्टाचं बटण चाचपत राहतो. हे साधारण अर्धा ते दोन मिनिटं चालतं. पुढची काही मिनिटं माणूस गोंधळलेला असतो, विचारलं तर भलतंच उत्तर देतो. घरचे म्हणतात, ‘तंद्री लागते.’ कुणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून अंगारा लावतं. अशात निदानाला उशीर होतो.

या विसरण्याचं सगळ्यात लख्ख उदाहरण लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी 1888 साली छापलं. त्यांचा पेशंट स्वतः डॉक्टर होता. जॅक्सननी त्याला ‘डॉ. झेड’ म्हटलंय. हा डॉक्टर एका तरुणाची छाती तपासायला उभा राहिला आणि स्टेथोस्कोप काढता काढता त्याला फिटची चाहूल लागली. बोलावं लागू नये म्हणून त्याने तोंड फिरवलं. त्यानंतरचं त्याला आठवतं ते एकदम टेबलापाशी बसून दुसऱ्याच कुणाशी बोलत असल्याचं. पेशंट कुठे गेला, म्हणून त्याने चौकशी केली. तेव्हा कळलं की मधल्या वेळात त्यानेच त्या तरुणाला तपासलं होतं, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचं लिहिलं होतं आणि त्याला झोपून राहायला सांगितलं होतं. त्याने कुतूहलाने पुन्हा तपासलं, तर निदान बरोबर निघालं. पुढे त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला गेला. डाव्या टेंपोरल लोबच्या आतल्या कडेला, हिप्पोकॅम्पसच्या शेजारीच, मऊ पडलेला एक छोटासा भाग सापडला.

हात चालले, डोकं चाललं, वर्षांचा सरावही चालला. चाललं नाही ते फक्त नोंदवणं. फिटचा विजेचा कल्लोळ हिप्पोकॅम्पसमध्ये, बरेचदा दोन्ही बाजूंच्या, पसरला की तेवढ्या वेळापुरतं तिथलं नेहमीचं काम ठप्प होतं. त्या मिनिटांची आठवण तयारच होत नाही. म्हणून ती परत आणताही येत नाही. ‘आठवून बघ, जोर दे’ असं म्हणणं निरर्थक आहे, आणि पेशंट ‘मी असं काही केलंच नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. कित्येकांना फिट येऊन गेल्याचाही पत्ता नसतो. रात्री झोपेत येणाऱ्या फिटांचं तर विचारूच नका. पेशंटने ‘महिन्यात दोनच आल्या’ असं सांगितलं तरी तो आकडा धरून चालता येत नाही. घरच्यांनी कॅलेंडरवर खूण करावी आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरला त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो.

दुसऱ्या विसरण्याला अशी सुरुवात आणि शेवट नसतो. दोन फिटांच्या मधले सगळे दिवस ते सोबत असतं. टेंपोरल लोबच्या अपस्मारात, विशेषतः औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात, अनेकांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मेलेल्या असतात. त्यांच्या जागी कडक व्रण तयार होतो आणि हिप्पोकॅम्पस आकसतो. याला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस म्हणतात. विल्हेल्म झोमर या जर्मन डॉक्टरने 1880 साली नेमका कुठला पट्टा झडतो ते दाखवलं, आणि आजही त्या पट्ट्याला त्याचंच नाव आहे. एमआरआयमध्ये एका बाजूचा हिप्पोकॅम्पस लहान आणि नको तितका पांढरा दिसतो. पण त्यासाठी हिप्पोकॅम्पसच्या लांबीला आडवे, पातळ काप घ्यावे लागतात. घाईत काढलेल्या साध्या स्कॅनवर ‘नॉर्मल’ लिहून येतं, आणि घरचे म्हणतात, मेंदूत काही नाही, याचं लक्षच नसतं.

लक्ष असतं. ते चाचणीत दिसतं. पेशंटला पंधरा शब्द वाचून दाखवतात आणि आठवतील तेवढे सांगायला लावतात. असं पाच वेळा करतात. पाचव्या फेरीला तो बारा-तेरा शब्द सांगतो, म्हणजे ऐकलं, समजलं, ग्रहणही केलं. मग अर्धा तास दुसऱ्या गोष्टींत जातो आणि पुन्हा विचारलं की चार-पाचच उरलेले असतात. डाव्या हिप्पोकॅम्पसला इजा असेल तर हे चित्र जास्त दिसतं, कारण बहुतेकांमध्ये शब्द, नावं, निरोप, वाचलेला मजकूर यांची आठवण डावी बाजू सांभाळते. उजवीकडच्या इजेत चेहरे, जागा, वाटा हुकतात असं म्हणतात, पण ते चित्र तितकं नेमकं नाही. शाळेत पाठ केलेली कविता, सायकल चालवणं, हिशेब, बोलण्यातला खट्याळपणा हे बहुतांशी शाबूत असतं. म्हणून तर कुणाला खरं वाटत नाही. ‘दहा वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं आणि काल सांगितलेलं आठवत नाही, हे कसं?’ असं टोचून विचारतात. अगदी असंच होतं. जुन्या गोष्टी पक्क्या होऊन बसल्यात. नव्या पक्क्या करणारी जागा जखमी आहे. अशी बोलणी खाणाऱ्या मुलांचं मला फार वाईट वाटतं. वर्गात ती ‘ढ’ ठरतात, आणि त्यांच्या पुस्तकातल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलची रेघ असते.

हिप्पोकॅम्पसशिवाय काय होतं, हे जगाला कळलं तेही अपस्मारामुळेच. 1953 साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या दोन्ही टेंपोरल लोबचे आतले भाग काढले. फिट कमी झाल्या, पण 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला घडलेली नवी गोष्ट मनात धरून ठेवता आली नाही. वर्षानुवर्षं त्याच्यावर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर त्याला दर भेटीत नव्याच वाटत. बुद्धी मात्र जागेवर होती. तेव्हापासून दोन्ही बाजू कधीच काढत नाहीत.

आता खरी गुंतागुंत. काही पेशंट अर्ध्या तासाच्या चाचणीत उत्तम गुण मिळवतात आणि आठवड्याभरात तेच सगळं गळून जातं. सहलीचे फोटो समोर असतात, पण आपण तिथे होतो असं आतून वाटत नाही. नेहमीची चाचणी हे पकडत नाही, म्हणून घरचं निरीक्षण सांगणं फार मोलाचं. दुसरं म्हणजे, दोन फिटांच्या मध्येही हिप्पोकॅम्पसमध्ये विजेच्या बारीक ठिणग्या उडत असतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण ऐन आठवायच्या क्षणी ठिणगी पडली तर आठवण हुकू शकते. आणि पन्नाशी-साठीच्या माणसांत एक प्रकार असा की फिट म्हणजेच विसरणं: बरेचदा झोपेतून उठल्यावर अर्धा-पाऊण तास ‘आज काय वार, आपण कुठे जायचंय’ हेच पुन्हा पुन्हा विचारणं, बाकी सगळं ठीक. याला अल्झायमर समजून घाबरतात. खरं तर अपस्माराच्या थोड्याशा औषधानेही हे झटके बहुतेकदा थांबतात, पण एरवीचं विसरणं काहींमध्ये मागे राहतं. याखेरीज अपस्माराच्याच औषधांपैकी टोपिरामेटने शब्द सापडेनासे होणं, फिनोबार्बिटोनची सुस्ती, अपुरी झोप, नैराश्य यांचाही वाटा असतो. डोस बदलून किंवा नैराश्यावर उपचार करून तो कमी करता येतो, फक्त डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही.

ही दोन विसरणी किती वेगळी आहेत, हे एका बाजूच्या टेंपोरल लोबचा आजारी भाग काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत उघड होतं. कॅनडात झालेल्या आणि 2001 साली छापून आलेल्या चाचणीत 80 पेशंट होते. वर्षभरानंतर शुद्ध हरपवणाऱ्या फिटांपासून सुटलेले शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के होते, नुसत्या औषधांच्या गटात 8 टक्के. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून ही शस्त्रक्रिया होते. फिट थांबली की पहिलं विसरणं तिच्यासोबतच जातं. दुसऱ्याचं तसं नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहातल्या चौघांची शब्दांची आठवण आणखी उतरते. ज्याचा हिप्पोकॅम्पस आधीच पार आकसलाय त्याचं गमवायला फारसं नसतं. ज्याची स्मरणशक्ती चांगली आहे, स्कॅनही बरा आहे, त्याला धोका जास्त. वकिलीवर किंवा शिकवण्यावर घर चालत असेल तर हा हिशेब नुसत्या फिटांच्या संख्येवर करता येत नाही.

त्यामुळे शस्त्रक्रियेचा विषय निघाला की स्मरणशक्तीची चाचणी झाली का, ती पेशंटच्या स्वतःच्या भाषेत झाली का, आणि कुठल्या बाजूची किती आठवण पणाला लागणार आहे, हे विचारून घ्या. मराठीत विचार करणाऱ्या बाईला इंग्रजी शब्दांची यादी दिली तर मोजलं जातं तिचं इंग्रजी. जायच्या आधी दोन कागद तयार ठेवा. एकावर फिटांच्या तारखा, वेळ आणि पाहिलेलं वर्णन. दुसऱ्यावर फिट नसलेल्या दिवसांत काय हुकलं ते: कुठला निरोप, कुणाचं नाव, गॅसवर ठेवलेलं दूध, किती दिवसांनी काय पुसलं गेलं. दुसरा कागद न विचारताच पुढे करा.